जाळी बदलावी

९ फेब्रुवारी

खिळ्या,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहून खोडलं. माझा फोन दिसला की जो माणूस कट करतो, त्याला आशीर्वाद पाठवून काय करू? पत्ता आईनं दिला नाही. "त्याला कळवायचं असतं तर त्यानंच कळवलं असतं," म्हणाली. तिच्या औषधांच्या डब्यात घडी घातलेली चिठ्ठी होती, तीवरून उतरवून घेतला.

आई आमच्याकडे येऊन आज चोवीस दिवस झाले. तुमच्या खोलीची किल्ली घरमालकाला देऊन, तिला आमच्या दाराशी रिक्षातून उतरवून तू गेलास. आत आला नाहीस, पाणीही प्यायला नाहीस. मी ओट्याशी होते. खिडकीतून तुझी पाठ तेवढी दिसली.

मी भांडायला लिहीत नाही. सरकारी चौकशीची तारीख ठरली आहे, ३ मार्च. कारखान्याचे कामगार अधिकारी परवा घरी आले होते. म्हणाले, "तुमच्या भावाचं निवेदन आम्ही जानेवारीतच घेतलं होतं, पण तो सही न करता उठून गेला. सही तेवढी हवी. सुपरवायझर असून जाळी न लावता मशीन चालू दिलं, एवढं मान्य केलं की प्रकरण तिथल्या तिथे मिटेल. नाहीतर पोलिसांपर्यंत जाईल."

मला वाटतं तू सही करून टाकावीस. त्या मुलीची बोटं काही परत येणार नाहीत. तू म्हणत होतास की मशीनशेजारी भिंतीवर सूचनांचं जे कार्ड लावलं होतं, त्यावर ‘जाळी बदलावी’ असं होतं. ते कार्ड अपघातानंतर कुणी काढलं, कुठे गेलं, कुणालाच ठाऊक नाही. माझ्याकडची मूळ प्रत मी त्यांच्या हवाली केली आहे. तीत ‘साफसफाईनंतर, मशीन सुरू करण्याआधी सुरक्षा जाळी पुन्हा जागेवर बसवावी’ असं स्वच्छ लिहिलं आहे. छापणाऱ्यानं घोळ घातला असेल, किंवा तुझ्या वाचण्यात गफलत झाली असेल. घाईगर्दीत होतं असं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी तर फक्त इंग्रजीचं मराठी करते, मला मशीनमधलं काय कळतं?

आई नीट जेवत नाही. दर रविवारी तुझा फोन आला की मोबाइल घेऊन गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. आत येते ती तुलाच बोल लावत. "पोरीचा हात घालवला आणि तोंड लपवून बसला," म्हणते. मला ऐकवत नाही.

उत्तर पाठव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

ताई

१५ फेब्रुवारी

खिळ्या,

उत्तर आलं नाही. पोस्टमन आमच्या जिन्यापर्यंत येतो आणि खालूनच वळतो.

काल रेडिओला भेटायला गेले होते. तिचं हे नाव तूच ठेवलंस ना? खोके कापायच्या त्या मशीनचा धडधडाट चालू असतानाही ती गात असते, बंद होत नाही, म्हणून. आता बंद झाली आहे. तिच्या आईनं दार उघडलं. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात उशीवर ठेवलेला होता. चार बोटं गेली, अंगठा राहिला. डावा हात मात्र सारखा काहीतरी करत होता, चादरीचे धागे ओढत होता.

मी फळं ठेवली.  तीच म्हणाली, "तुमच्या भावानं माझा हात रिक्षात सगळा वेळ वर धरला होता. खाली आणू दिला नाही. त्याचा शर्ट भिजला होता. कुठे आहे तो?"

"बाहेरगावी गेलाय."

"आता सगळे म्हणतात त्यानं मुद्दाम जाळी काढून ठेवली. काम लवकर व्हावं म्हणून." मग म्हणाली, "ताई, एक विचारू? ते कार्ड तुम्ही लिहिलं होतं ना? दिवसाचे आठ तास माझ्या डोळ्यांसमोर असायचं ते. चौथी ओळ. ‘जाळी बदलावी’ असंच होतं ना? आता म्हणतात तसं नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं डोक्यात गोंधळ होतो. हात गेला तो मला दिसतोय. डोकंही गेलं का, तेवढं सांगा."

तिची आई दारातून बघत होती. मी म्हणाले, "तू आधी विश्रांती घे." आणि चप्पल घालून निघाले. खाली उतरेपर्यंत एक पट्टा निसटला होता, तसाच फरफटत घरापर्यंत चालत आले.

म्हणून आता खरं लिहिते. ती बरोबर वाचत होती, आणि तूही. कार्डावर ‘बदलावी’च होतं. मीच लिहिलं होतं.

तुला वाटेल, एवढा अभ्यास करून हिला एक शब्द कळला नाही? शब्द कळला, खिळ्या. ‘रिप्लेस’ला कुठे अडतं? दुकानदार म्हणतो, बिघडलं तर रिप्लेस करून देतो. वरच्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा रिप्लेस झाला. जिकडे बघावं तिकडे जुनं काढून नवं घालणं, कानाला तीच सवय. तुमच्या त्या मशीनच्या पुस्तकात हा शब्द नऊ वेळा आहे. पट्टा रिप्लेस करा, तेलाची चाळणी रिप्लेस करा, बल्ब रिप्लेस करा. सात ठिकाणी नवं घालायला सांगितलंय. दोन ठिकाणी मात्र ‘जे काढलंत ते परत होतं तिथे ठेवा’ असं म्हणायचंय. झाकण आणि जाळी. हा अर्थ कोशात पहिला दिलाय, पहिला. काढून ठेवण्याला आणि टाकून देण्याला एकच शब्द त्या लोकांना कसा पुरतो, त्यांचं तेच जाणोत. मी सात ठिकाणी बरोबर लिहिलं आणि त्याच झोकात पुढे गेले.

पण तू तरी मला एकदा विचारायचं होतंस. एका फोनवर काम झालं असतं.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

ताई

२२ फेब्रुवारी

खिळ्या,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली असं म्हणणार होते. राहिली नव्हती, टाळली होती.

तुला प्रश्न पडलाच असेल की कार्डावर ‘बदलावी’ होतं, तर माझ्या प्रतीत ‘पुन्हा जागेवर बसवावी’ कुठून आलं? कामगार अधिकारी पहिल्यांदा घरी आले ते अपघातानंतर दोन दिवसांनी, ९ जानेवारीला. चहा घेतला. म्हणाले, "बाई, मूळ प्रत असेल ना तुमच्याकडे? उद्या माणूस पाठवतो. देण्याआधी एकदा नजरेखालून घाला." एवढंच. धमकी नाही, आमिष नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण गेला महिनाभर मी स्वतःला सांगत होते की माझ्यावर दबाव होता. तसा तो नव्हता. ते जिना उतरेपर्यंत मी कॉम्प्युटर चालू केला होता.

एक शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा घालायची सोय असते त्यात. ती निवडताना पडद्यावर काय नाव येतं माहीत आहे? रिप्लेस. मी ‘बदलावी’ शोधायला सांगितलं आणि ‘पुन्हा जागेवर बसवावी’ घालायला सांगितलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. कागद छापले, जुनी तारीख घातली, सही केली. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन घेऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यात आता ‘दर सहा महिन्यांनी तेलाची चाळणी पुन्हा जागेवर बसवावी’ असंही झालं आहे. म्हणजे सहा महिने चाळणी होती तरी कुठे, फिरायला गेली होती?  वाटलं, आता पकडली जाणार. आज दीड महिना झाला. कुणी वाचलंच नाही, खिळ्या. तुला कामावरून बाजूला करायला त्यांना एकच ओळ पुरली.

खरी प्रत माझ्याकडे आहे. छपाईआधी कारखान्याकडे तपासायला पाठवली होती ती. प्रत्येक पानावर त्यांचा ‘मंजूर’ असा शिक्का आहे आणि कामगार अधिकाऱ्यांची सही. म्हणजे त्यांच्याकडेही हिची दुसरी प्रत असणारच. ते गप्प आहेत आणि मीही. गाद्यांच्या कपाटात, तळाच्या चादरीखाली ठेवली आहे. फाडायला दोनदा काढली आणि दोनदा तशीच ठेवली.

तुझ्या भावोजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत बसले. मग म्हणाले, "जाळून टाक. त्याच्या मागे बायकापोरं नाहीत, हातात कसब आहे, कुठेही उभा राहील. तुझ्यावर खोट्या कागदाचा खटला झाला तर आपण कुठे तोंड दाखवायचं?" ते वाईट नाहीत, तुला माहीत आहे. घाबरट आहेत. मीही त्यांच्याच पंक्तीतली.

रोज सकाळी ठरवते की आज जाऊन सांगायचं. मग दुपार होते. माझ्या हातून काही होत नाही. तू तरी ये आणि मला धरून ने. नाहीतर शिव्या दे. तू काहीच बोलत नाहीस हे आता सहन होत नाही.

ताई

२ मार्च

खिळ्या,

उद्या चौकशी आहे. मला साक्षीला बोलावलं आहे. भाषांतर बरोबर होतं, एवढं सांगून यायचं आहे.

जेवायला बसले आणि ताट तसंच ठेवून उठले. आई म्हणाली, "तुला काय धाड भरली आहे? पाप त्यानं केलं, झुरतेस तू." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

‘तू मला एकदा विचारायचं होतंस,’ असं मी तुला लिहिलं.  तू ते वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा विचार मी आज पहिल्यांदा करते आहे. कारण तू विचारलं होतंस.

२७ डिसेंबर. दुपारची वेळ. नव्या कामाचे कागद मला संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. तुझा फोन आला, मागे मशीनचा आवाज होता.

"ताई, ते जाळी बदलावी लिहिलंयस ना? म्हणजे नवीनच टाकायची का? जुनीच पुसून परत लावली तर?"

"लिहिलेलं वाचता येतं ना? बदलावी म्हणजे बदलावी."

"तसं नाही गं. स्टोअरवाला म्हणतो, रोज साफसफाई आणि रोज नवी जाळी, मग रोज नवं मशीनच मागव की. म्हणून म्हटलं, एकदा पुस्तकात बघतेस का?"

"तू तुझं मशीन बघ. भाषा मी बघते."

तू म्हणालास, "बरं."

पुस्तक माझ्या टेबलावर होतं. हात लांबवला असता तर पोचला असता. मी का नाही बघितलं ते सांगते. पहिल्या पुस्तकात मी पान्याला ‘फिरकीची चावी’ लिहिलं होतं. तुमच्या कारखान्यातली माणसं आठवडाभर हसली आणि तूही हसत हसत येऊन मला सांगितलंस. मीही हसले. पण ते माझ्या मनात राहिलं. घरात शिकलेली मी, आणि मला शब्द शिकवणार दहावीनंतर मशीनवर गेलेला माझा धाकटा भाऊ. म्हणून पुस्तकाकडे हात गेला नाही. यापलीकडे कारण नाही. मी खूप शोधलं, सापडत नाही.

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यानं. तू नव्या जाळीची मागणी लिहून दिलीस. ताईनं सांगितलंय म्हणून जुनी भंगारात काढलीस. नवी आठ दिवसांत येईल म्हणाले, ती आली नाही. मॅनेजर म्हणाला, ऑर्डर अडलीय, जपून चालवा. अकराव्या दिवशी रेडिओचा पुठ्ठा अडकला, तिनं तो सरळ करायला हात घातला. तू दहा पावलांवर होतास.

तुझी काय चूक म्हणायची? मशीन बंद ठेवायला हवं होतंस, हे कुणीही म्हणेल. मीही महिनाभर तेच म्हणत होते, त्यानं मला बरं वाटायचं. पण तू शंका घेऊन माझ्याकडे आला होतास आणि मी तुला दारातून परत पाठवलं. फोन तूही विसरला नसशील. तू निवेदनात सांगितलंच असशील, आणि उद्या ते माझ्यासमोर वाचलं जाईल, याचीच मला भीती वाटते. एकदा वाटतं उद्या उठूच नये. एकदा वाटतं आत्ताच जिन्यावरून पाय घसरावा आणि हाड मोडावं, म्हणजे जायला नको. बघ, अजूनही मी सुटायची वाट शोधते आहे.

कपाटातून ती प्रत काढून पर्समध्ये ठेवली आहे. उद्या ती पर्सच्या बाहेर येईल की नाही, मला खरंच माहीत नाही.

ताई

४ मार्च

खिळ्या,

काल झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सरकारी कचेरीतली लांबट खोली. एक मोठं टेबल, त्यावर फायली आणि पाण्याचा जग. निरीक्षक एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. एका बाजूला कामगार अधिकारी आणि मॅनेजर. समोर रेडिओ आणि तिची आई. तुझी खुर्ची रिकामी होती. भावोजी माझ्याबरोबर आले नाहीत. दारापर्यंत सोडायला मात्र आले. छत्री हातात नुसतीच फिरवत होते.

आधी निरीक्षक बाईंनी तुझं निवेदन वाचून दाखवलं, ते सही नसलेलं. मी खाली बघत होते. कार्डावर ‘बदलावी’ असं होतं, हे तुझं पहिलं उत्तर. मग तुला माझी प्रत दाखवल्याची नोंद. बाईंनी वाचलं, "सुपरवायझरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नंतर म्हणाले, ही माझ्या ताईची सही आहे. तिनं असं लिहिलं असेल तर माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल."

खिळ्या, तो कागद पाहताक्षणी तुला कळलं होतं.

पुढचा प्रश्न होता, "मजकुराबद्दल शंका होती तर भाषांतर करणाऱ्या बाईंना विचारलं होतं का?" आणि तुझं उत्तर, "नाही. मी कोणालाही विचारलं नाही." तिथेच तू उठून गेला होतास.

मला वाटलं होतं तू माझं नाव घेतलं असशील. दोन महिने मी त्याच भीतीनं तुझ्याविरुद्ध उभी होते. आणि तू खोटं बोललास ते मला वाचवायला. सही मात्र केली नाहीस, कारण खोट्यावर सही करणं तुला जमत नाही. लहानपणीही जमायचं नाही.

बाईंनी मला विचारलं, "तुमचं भाषांतर बरोबर होतं?"

मी उभी राहिले. बसून बोला म्हणाल्या, पण मला बसता येईना. मी म्हणाले, "नाही. आणि त्यानं विचारलं होतं. सत्तावीस डिसेंबरला. मी त्याला चूक सांगितलं." मग पर्समधून प्रत काढून टेबलावर ठेवली.

कामगार अधिकारी म्हणाले, "हा कागद आज अचानक कुठून आला?"

"माझ्या कपाटातून. प्रत्येक पानावर तुमची सही आहे."

ते मॅनेजरकडे बघायला लागले. निरीक्षक बाईंनी चष्मा लावून पानं उलटली. एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या. हे कागद प्रथमच कुणीतरी वाचत होतं. दुसरी प्रत शेजारी घेऊन त्यांनी चाळणीच्या ओळीवर बोट थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"तुम्हाला हे बदलायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का केलंत?"

"भीती वाटली."

"कसली? तुरुंगाची?"

त्याचाच विचार मी घरून करून गेले होते. पण तोंडातून आलं ते वेगळं. "लोक म्हणतील हिला इंग्रजी येत नाही, याची."

 पंख्याखाली कागद फडफडत होते. मग रेडिओ आईकडे वळून म्हणाली, "म्हणजे मी बरोबर वाचत होते." ती रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले. तिनं डावा हात वर केला, मला थांबवायला. "तुम्ही माझ्या घरी आला होतात," म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मला विश्रांती घे म्हणालात. मी त्यानंतर झोपले नाहीये." आणि म्हणाली, "मला तुमच्याशी बोलायचं नाही."

तिच्या आईनं तिची ओढणी नीट केली आणि दोघी निघून गेल्या.

भावोजी बाहेर थांबलेले होते. काही न विचारता रिक्षा थांबवली. वाटेत म्हणाले, "वकील बघावा लागेल." एवढंच. पण माझी पर्स त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरली होती.

मी तुझी माफी मागणार नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या डोक्यावर आणखी एक काम टाकायचा मला हक्क नाही.

ताई

२० मार्च

खिळ्या,

निकालाची प्रत सोबत पाठवते आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जाळी नसताना मशीन चालवायला लावलं, भिंतीवरचं कार्ड नाहीसं केलं आणि मंजूर प्रत दडवली, हे दोष कारखान्यावर आले. मॅनेजर आणि कामगार अधिकारी दोघेही घरी बसले आहेत. रेडिओच्या उपचारांचा आणि पुढचा भार कारखान्यानं उचलायचा आहे. तुझ्याबद्दल लिहिलं आहे की यानं लेखी मागणी केली, शंका विचारली आणि वरिष्ठांच्या हुकमानं काम चालू ठेवलं. मशीन थांबवायला हवं होतं असा ठपका आहे, पण कामावर परत घ्या म्हटलं आहे. घेतील की नाही देव जाणे. तुझ्या टेबलाशी दुसरा माणूस बसवलाय, नवं कार्डही लावलंय म्हणे. ते कुणी लिहिलं मला माहीत नाही.

खोट्या कागदाबद्दल माझ्यावर खटला भरायचा आहे. पहिली तारीख एप्रिलमध्ये आहे. छापखान्यानं उरलेलं काम मागे घेतलं. शब्दकोश मी वरच्या फळीवर ठेवले, मग परत खाली काढले. काम नसलं तरी हात तिकडे जातो.

आईला मी निकाल यायच्या आधीच सांगितलं होतं, पाच तारखेला. ती गवार मोडत बसली होती. सगळं ऐकेपर्यंत तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मग म्हणाली, "दर रविवारी मी त्याला घालूनपाडून बोलत होते. तो ऐकून घ्यायचा. एका शब्दानं म्हणाला नाही की आई, असं नाहीये." पुढे म्हणाली, "आणि तू गॅलरीच्या दाराअलीकडे उभी असायचीस."

त्या दिवसापासून ती माझ्या हातचं खाते, औषधं घेते, पण माझ्याशी कामापुरतंच बोलते. आठवडाभर एकच घोकतेय, "मला त्याच्याकडे पोचव." रविवारी तिनं तुला फोनवर काय सांगितलं, मला माहीत नाही. या वेळी मी स्वयंपाकघरात होते, खरंच.

तिचं सामान बांधलेलं आहे. तू म्हणशील त्या दिवशी तिला गाडीत बसवून देईन. मी येणार नाही, घाबरू नकोस. कंडक्टरला सांगून ठेवीन, जागा खिडकीची बघीन. तेवढं एक कळव, कुठल्या दिवशी ते. मला नको कळवूस, तिला फोनवर सांग.

हे शेवटचं पत्र. आता तुला त्रास देणार नाही.

ताई

२९ मार्च

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. चुका काढू नकोस.

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिलं वाचून फाडलं. दुसरं फाडणार होतो, पण त्यात रेडिओबद्दल होतं म्हणून ठेवलं. चौथं आलं तेव्हा दोन दिवस उघडलं नाही. तुझा राग आहे. कमी झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मशीनजवळ गेलो की अजून दहा पावलं मोजतो. ती माझी आहेत, तुझ्या कागदानं ती पुसली जात नाहीत.

रेडिओशी बोललो फोनवर. डाव्या हातानं लिहायला शिकतेय. तुझ्याबद्दल काही बोलली नाही आणि मीही काढलं नाही.

इथे छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. खोली एक आहे, पण मोठी आहे. तिकडे परत येणार नाही.

आईला बुधवारच्या सकाळच्या गाडीनं आण. मध्ये उतरून दुसरी गाडी धरावी लागते, तिथला जिना उंच आहे आणि तिचे गुडघे तुला माहीत आहेत. तिला एकटीला बसवून देऊ नकोस. मी स्टँडवर असेन.

परतीची गाडी गुरुवारी आहे. त्याआधी नाही.

खिळ्या